औषधापुरती बाटली

...एवढी मोठी नको हो दादा, लहान द्या. औषधापुरती. आणि जरा मोठ्यानं बोला, डावा कान गेलाय, उजवाही निघायच्या बेतात आहे — ब्रँड? ब्रँडमधलं मला काय कळतंय! मागच्या वेळी गल्ल्यावर तुमचे वडील होते, त्यांनी दिली ती मी घेतली, पिशवीत कांद्यांखाली लपवली आणि घामाघूम होऊन हॉस्पिटलात नेली. हो, हॉस्पिटलातच! हसू नका, डॉक्टरांनीच धाडलं होतं. आमच्या ह्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता, आणि डॉक्टर म्हणतात, यांना दारू पाजा, तीही घड्याळ लावून.

हे रंगाच्या कारखान्यात होते, टँकर रिकामे करायच्या कामावर. मिथेनॉलचे. नाव ऐकलंय? दारूचंच भावंड, पण घातकी. ह्यांना मुळात बोलायचा कंटाळा, जेवताना तोंड उघडलंच तर त्या मिथेनॉलसाठी — दिसायला पाण्यासारखं, पाण्यात घातलं तर पत्ता लागत नाही, आणि पेटलं तर दिवसाउजेडी ज्वाळ दिसत नाही. मग आग कुठंय ते कळायचं कसं? तर लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचं, झाडू पेटला की जागच्या जागी थांबायचं. मला मेलीला मिथेनॉल सगळं पाठ, आणि नवऱ्याच्या मनात काय चाललंय म्हणाल तर — काही ठाऊक नाही.

तर एकदा पाइपचा जोड निखळला आणि हे छातीपासून खाली भिजले. अंगावर ते गार लागतं, बघता बघता उडून जातं, माणसाला वाटतं काही झालंच नाही, पण तोवर ते कातडीतून आत मुरलेलं असतं. ह्यांनी त्याच कपड्यांत पाळी संपवली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, घरात धुकं कुठून आलं? — धुकं कसलं, डोळे चालले होते! डॉक्टरांनी मला समजावलं. म्हणे ते मिथेनॉल आहे तसं राहिलं तर एवढं करत नाही, आपलं यकृतच त्याला मोडतं. आधी होतं फॉर्मल्डिहाइड — शाळेत बरणीत बेडूक ठेवतात ना, त्यातलं. मग मुंगीच्या डंखातलं आम्ल. ते डोळ्यांची नस खातं. आणि दारू कशाला? तर मोडायची खिडकी एकच. दारू आली की खिडकीवरचा माणूस आधी तिचं काम करतो, मिथेनॉल रांगेत ताटकळतं आणि शेवटी लघवीतून, श्वासातून निघून जातं. खरं औषध दुसऱ्या गावाहून यायचं होतं, तोवर ही बाटली. मी चमच्या-चमच्यानं पाजत होते, ज्यूसमध्ये घालून.

आणि काय सांगू — हे बोलायला लागले! हे! मला म्हणाले, सिस्टर — हो, सिस्टर, दिसत कुठं होतं त्यांना, पांढऱ्या धुक्यात एक हात आणि एक चमचा — सिस्टर, आमची ही ना, कपडे वाळत घालताना शीळ घालते. आई रागवायची, बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणून. मला फार आवडते. मी जिन्यातच उभा राहतो, तिची शीळ संपेपर्यंत बेल वाजवत नाही. तिला सांगू नका हं, लाजेल, बंद करील. डोळे गेले तर जाऊ देत, म्हणाले, ती ऐकू येतेय तोवर माझं भागेल. — मी? मी कुठली बोलतेय! चमचा भरत राहिले. गप्प बसून ऐकलं सगळं. लग्नानंतर पहिल्यांदा.

मग औषध आलं, बरे झाले, घरी आले. आणि पुन्हा तोंडाला कुलूप. मी रोज त्याच वेळेला कपडे वाळत घालते, नसले तर कोरडेच पुन्हा घालते. दाराच्या फटीतून त्यांच्या चपला दिसतात. बेल वाजते, आत येतात, म्हणतात, पाणी दे. बस्. आता माझी शीळ मलाच नीट ऐकू येत नाही, सुरात आहे की नाही कोण जाणे. म्हणून म्हटलं, हा कान पुरता जायच्या आत एकदा — मला म्हणून, सिस्टरला नाही, मला — त्यांच्या तोंडून ते ऐकायचंय. ज्यूसमध्ये दोन चमचे. फसवणूक आहे, माहितीय मला. पण एकदाच.

काय? डोळे? — छान आहेत की आता. चष्म्याशिवाय पेपर वाचतात. गल्लीच्या टोकाला मी दिसले तरी ओळखतात, पुढे येऊन पिशवी घेतात हातातली...

...

थांबा दादा. कागदात गुंडाळू नका.

दारूनं नव्हते बोलले ते. मी दिसत नव्हते म्हणून बोलले.

ठेवा परत फळीवर. काय म्हणालात? — नाही आलं ऐकू. राहू दे, काही असलं तरी राहू दे. मागे गिऱ्हाईक खोळंबलंय, त्यांचं बघा.