बारीक होऊन जायचं होतं

तुम्ही जिमचं बोलताय म्हणून आठवलं. तेव्हा मी चेन्नईत नोकरीला होतो, तिरुवल्लिकेणीत बॅचलर लोकांच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या लॉजमध्ये राहायचो. पुण्याला मुलगी बघायला जायचं ठरलं आणि त्याआधी बारीक व्हावं म्हणून मी जिम लावली. पहिल्याच दिवशी मास्टर म्हणाले, "सार, आधी नुसता रॉड उचला."

"वेळ नाही मास्टर, वजन लावा."

"वेंडाम सार, नको!"

तरी मी उचललंच, आणि कंबर धरली. महिनाभर अंथरुणाला खिळलो, पुण्याला जाणं राहिलं. तोवर तिचं दुसरीकडे जमलं.

फोनवर आईला म्हटलं, "जाऊ दे गं, तसाही मी जाडाच."

आई म्हणाली, "अरे, फोटो बघूनच ती हो म्हणाली होती. तू फक्त यायचं होतंस."