कंबर, रजा आणि थोल

बरं, मला सांगा, माणसाची कंबर धरली तर त्यानं अर्जात लिहायचं काय? 'आय ॲम सफरिंग फ्रॉम' असंच ना? शाळेत बाईंनी तेच घोकून घेतलं, तुमच्याकडूनही घेतलं असेल, आणि सिन्नरच्या कंपनीत स्टोअरला लागल्यापासून बावीस वर्षं मी ताप, जुलाब, मेव्हण्याचं लग्न, सगळ्याला तेच लिहीत आलो... आणि रजा मिळत आली! आता नवे साहेब आलेत. अर्जांचा गठ्ठा धरून म्हणतात, "अख्खं खातं सफरिंग? यापुढे हा शब्द दिसला की अर्ज परत." घ्या! सोसायचं, दुसरं काय!

आणि नेमकी त्याच आठवड्यात, तुम्हाला सांगतो, पाण्याचा जार उचलताना माझी कंबर गेली. अशी गेली, की मोजेसुद्धा आमची उज्वला घालून देते, आणि घालता घालता बायकोच्या हक्कानं ऐकवते, "झेपत नाही तर उचलता कशाला?" त्यात नाशिकरोडवरून कंपनीची बस, दर गतिरोधकाला डोळ्यांपुढे काजवे... मला फक्त तीन दिवस पडून राहायचं होतं हो. तीन! जास्त मागितलं का?

आमची मुलगी वेदिका इंग्रजी घेऊन बी.ए. करतेय. तिला म्हटलं, सफरिंगला दुसरा शब्द दे, साहेबांनी बापजन्मात ऐकला नसेल असा. ती म्हणाली, "पप्पा, थोल. जुना आहे, आता कुणी फारसं वापरत नाही. थोल म्हणजे सोसणं, पण त्यात..." आता 'पण त्यात' काय ते ऐकेपर्यंत बस थांबते का? बसमध्येच लिहिलं, 'आय ॲम थोलिंग माय बॅक पेन', खाली सही ठोकली आणि ऐटीत टेबलावर ठेवलं.

साहेबांनी मोबाईलवर शब्द शोधला. बराच वेळ वाचत होते. मग उठले, अहो चक्क उठले, आणि माझा हात हातात घेतला. "थोल म्हणजे कुरकुर न करता निमूट सोसणं. दीपकराव, असा माणूस मला या कंपनीत पहिल्यांदा भेटला." आणि अर्जावर शेरा काय, तर 'अभिनंदन'! रजेच्या अर्जावर अभिनंदन बघितलंय कुणी? दुपारी तो अर्ज नोटीसबोर्डावर, शेजारी माझा फोटो, आणि कँटीनमध्ये शेवटची खुर्ची ओढून घेत स्टोअरमधला योगेश म्हणतो, "भाऊ, तुम्ही काय, उभ्यानं सोसाल." सोसायचं, दुसरं काय!

घरी येऊन पोरीवर डाफरलो, हे सकाळी बजावून सांगायचं नाही का? ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, हळू. तुम्ही ओरडलात तर अर्ज खोटा ठरेल."

आज साहेबांची गाडी सर्व्हिसिंगला, म्हणून स्वारी बसमध्ये, माझ्याच शेजारी. गतिरोधक आला. 'आई गं' अगदी दातांपर्यंत आलं... आणि मी हसलो. रजा गेली त्याचं काही नाही हो, पण कण्हायचा हक्कसुद्धा मी सहीनिशी लिहून दिलाय.