कुंकवाचं बोट

(शिरवळहून जयराज फोनवर. वडूजला घरी त्याची धाकटी बहीण राजनंदिनी कॉम्प्युटरपुढं.)

राजनंदिनी : आलं बघ परत तेच! ‘ग्राफिक्स कार्ड सापडले नाही.’ दादा, ड्रायव्हर काढून घातला, विंडोज नवी टाकली. आता काय, लिंबू उतरवू?

जयराज : चेष्टा नको गं. ड्रायव्हर बरोबर हाय, मी बघून दिलाय. कार्डच जळलंय. दसऱ्याला मी बसवलं, आईनं त्यावर हळदकुंकू उधळलं, तवापास्नं बंद. तवाच म्हणलो होतो मी.

राजनंदिनी : म्हणलास? वरडलास! सगळ्या भावकीसमोर. ‘अडाणी हायस, कशाला हात लावतीस’ म्हणलास.

जयराज : मग? एवढ्या हौसेनं आणलेलं कार्ड.

राजनंदिनी : आई त्या दिवसापास्नं ह्या खोलीत पाऊल टाकत न्हाई. केरसुणी उंबऱ्यातनंच माझ्या हातात देती.

जयराज : ...बरं, बटण बंद कर, पिन काढ आन् पेटीची बाजू उघड. आत कुंकू दिसंल बघ.

राजनंदिनी : थांब... निघाली. दादा, आत कुंकवाचा कणबी न्हाई. पेटीच्या बाहेरच्या काचेवर एक बोट उठलंय, तेवढंच.

जयराज : नीट बघ की!

राजनंदिनी : बघतेय. आन् ही काळी वायर कसली? कार्डाच्या कडंला खाच रिकामी, आन् वायर खाली रबरात गुंडाळलेली. दुकानातला रबर दिसतोय. सोडलेलाच न्हाई कुणी.

जयराज : ...ती करंटची वायर. कार्डाला करंट देणारी.

राजनंदिनी : आन् ती लावायची कुणी? आईनं?

जयराज : लाव ती. टक् वाजंस्तोवर दाब. मॉनिटरची वायरबी कार्डातच घाल.

राजनंदिनी : लावली. चालू करते... अगंबया, कार्डाचा पंखा फिरला! थांब, ड्रायव्हर... घेतला बघ. गुमान घेतला.

जयराज : नंदे, लय लाज वाटायला लागली गं. तिचं तोंड एवढंसं झालतं, तरी मी बोलतच हुतो. भुई फाटंल तर बरं, असं झालंय.

राजनंदिनी : मला काय सांगतोस? आई, ये गं! दादा हाय फोनवर, स्पीकर लावलाय.

शालूबाई : हितनं उंबऱ्यातनंच बोलते. जयराज, झालं का रं सुरू तुझं?

जयराज : झालं आई. अगं...

शालूबाई : झालं न्हवं? मग बास. चुकलं बाबा माझं. घरात जे राबतं, त्येला दसऱ्याला कुंकू लावायची सवय. ह्येला चालत न्हाई, ते कळलं न्हाई मला.

जयराज : तुझं न्हाई चुकलं, आई. वायर मीच लावायची इसरलो. तुझं कुंकू आत गेलंच न्हवतं. मी घरी आलो की सगळ्या भावकीला सांगतो.

शालूबाई : कुणाला काय सांगू नगंस. चारचौघांत तुझी मान खाली जायला नगं.

राजनंदिनी : आई, आत तरी ये आता.

शालूबाई : नगं गं. हात वले हायती माझे.