आधी कोणी मागायचं?

हसू नका, पण मले स्पॅनिश येते. एकच वाक्य येते. 'तेंगो सेद', म्हणजे मले तहान लागली.

आमची सुशीला मिशनच्या दवाखान्यात कामाले लागलती. तिथली स्पेनची सिस्टर एका दुपारी आमच्या घरी येणार होती. आता आम्ही दीक्षा घेतली, बुद्धाचे झालो, तरी बाहेरचं कोण आमच्या घरचं पाणी पेत होतं? आपणहून गिलास पुढं करून 'नको' आयकण्यापरीस, कोणी मागतलं तरच द्या, अशी आमची रीत. म्हणून सुशीलापासून ते वाक्य शिकली. सिस्टरनं मागतलं तर समजलं पायजे ना.

सिस्टर भर उन्हात सायकलीवर आली. घाम पुसे, हासे, पण मागे नाही. मी आपली तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली.

सुशीला कानात म्हणे, "माय, दे ना पाणी."

"मागू दे तिले."

वाट पाहूपाहू माह्याच घशाले कोरड पडली, अन् तोंडातून निंगालं, "तेंगो सेद."

सिस्टर उठली. माठातून गिलास भरला, माह्या हातात देल्ला. मंग दुसरा भरून सोता गटागटा पेली, अन् आणखी एक.

मी सुशीलाले म्हटलं, "एवढी तहान होती, तं मागतलं काहून नाही इनं?"

"मीच सांगतलं होतं तिले," सुशीला म्हणे, "आपल्याकडं पाहुणा मागत नाही, घरचे देतात."

बाहेरच्या माणसानं आमच्या घरचं पाणी पेलं, बाई. तेही आधी मले पाजून.