बाळाला जोर आलाय

भाषेचं आंदोलन पेटलं होतं, तेव्हाचं सांगते. माझी थोरली सहा महिन्यांची, अंग नुसतं भाजत होतं. भाड्याच्या मोटारसायकलवर तिला घेऊन म्हापशाच्या दवाखान्यात निघाले, तर पेडण्याबाहेर रस्त्यावर झाड आडवं. दूधवाला आणि आजारी माणूस, एवढ्यांनाच सोडायचं असं आंदोलकांचं ठरलेलं.

पहाऱ्यावर कोल्हापूरकडचा कामगार होता. “बाळाला काय झालंय?”

आम्ही घरी तापाला जोर म्हणतो, घाबरून तेच तोंडात आलं. “जोर आलाय, दादा!”

“जोर आलाय? मग झ्याक की वहिनी! घरी जावा.”

मी त्याचा हात ओढून मुलीच्या कपाळावर ठेवला. त्याचा चेहराच उतरला. चौघांनी मिळून झाड बाजूला केलं.

“दवाखान्यात तरी ताप म्हणा हो,” तो म्हणाला.

म्हापशापर्यंत मी तेवढा एकच शब्द घोकत गेले.