पुसलेले हात

गोटमारीच्या चित्राचा विषय निघाला का माहा साळा आताही चहाचा कप खाली ठेवते. तो सावरगावचा, मी पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून आमची गावं एकमेकांवर गोटे फेकतात. एका वर्षी त्याचं डोकं फुटलं. मी पाण्यातून धावत गेलो नि माह्या दुपट्ट्यानं त्याचं डोकं बांधू लागलो. तेवढ्यात एका शहरी चित्रकारानं फोटो काढला.

पुढं नागपूरले त्याच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. आम्ही गेलो, तर त्या फोटोवरून रंगवलेलं, भिंतभर साळ्याचं रक्तानं माखलेलं तोंड! खाली नाव लिहिलं होतं, ‘रानटी’.

साळा तिथं उभ्या चित्रकाराले म्हणे, "साहेब, माह्या भाऊजीचे हात कुठं गेले?"

"त्या हातांमुळे चित्राचा जोर कमी होत होता."

साळा सरळ चित्राले पाठ लावून उभा राहिला.

"बाजूला व्हा, लोकांना चित्र पाहायचंय!"

"माहंच तोंड आहे ना? मंग लोकायले मलेच पाहू द्या." मग मले म्हणे, "भाऊजी, या. डोकं धरा."

भरल्या हॉलमधी मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"हं साहेब," साळा म्हणे, "काढा आता. हातासकट."