आई झाली पेशंट

लस टोचून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी बसल्या होत्या. लेक डॉक्टरकी शिकत होती आणि शिक्षणाचाच भाग म्हणून एका गरीब देशातल्या दवाखान्यात निघाली होती.

“आई, तिथे मशिनं नसतात. पेशंटला विचारूनच सगळं काढून घ्यावं लागतं. चल, सराव करू. तू पेशंट. काय होतंय?”

“काही नाही. लेक परदेशी चाललीय.”

“आजार सांग गं!”

“बरं बाई. गुडघा दुखतो.”

“कधीपासून?”

“तुझ्या आत्याच्या लग्नापासून. तिच्या सासूने तेव्हा काय केलं माहितेय?”

“पेशंट एवढं बोलत नाहीत.”

“मग तू पेशंट बघितलेच नाहीस.”

“असू दे. दम लागतो?”

“जिना चढताना. मधेच टेकते जरा.”

“छान करतेयस! छातीत दुखतं?”

“दुखत नाही. दगड ठेवल्यासारखं वाटतं. बसलं की उतरतं.”

“आई, हे मनाचं सांगतेयस ना?”

“मनाचं कशाला सांगू?”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू आजच विचारलंस.”

“पुढचा नंबर!” नर्सने हाक मारली.

“माझी लस राहू दे, सिस्टर. हृदयाचे डॉक्टर कुठे बसतात?”

“समोरच्या खोलीत.”

“ऊठ आई. हळू. माझा हात धर.”

“अगं, पण तुझा सराव अर्धाच राहिला!”